आमच्या गल्लीतलं पाणी

५ मार्च, जुनवानी, भिलाई
हे सकाळी पेपरातला नव्या राजधानी क्षेत्राचा नकाशा कापून घेऊन आले. रायपूर, दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, सगळं एकाच पिवळ्या रंगात. फ्रीजवर चिकटवला. "पाह्य वं, आता आपण राजधानीत आलो." स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून यांना पहिल्यांदाच इतकं खूश पाहिलं. मला तो पिवळा रंग आवडला नाही. कावीळ झाल्यासारखा. बोलले नाही, सकाळी सकाळी भांडण कोण ओढवून घेणार.
समोरच्या शेताला पत्र्याचं कुंपण घातलं आज. फ्लॅटांचा टॉवर होणार म्हणे.

११ मार्च
टॉवरवाल्यांची बोरची गाडी आली. दिवसभर घरघर. खिडक्या थरथरतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी धूळ, परत धुतले.
साहूबाई गेटवर उभी राहून बघत होती. शेजारीण, एकटीच राहते. ही सगळी जमीन एके काळी तिच्या सासऱ्याची, आमचा प्लॉटसुद्धा. "इहां हमर धान के खेत रिहिस, दीदी." एवढंच बोलली. चहाला बोलावलं तर आली नाही.

१३ मार्च
अजून एक बोर. अजून खोल. कशाला लागतं यांना एवढं पाणी? अजून एकही वीट चढलेली नाही.

२० मार्च
नळाला नुसती हवा. मेकॅनिक म्हणाला, पाणी उतरलं, बोरमधली मोटर अजून खाली सोडा. हे लगेच तयार.
म्हटलं, साहूबाईची बोर भिंतीपलीकडेच आहे, आपण खाली गेलो तर तिचं काय?
"तिचं तिनं पाहावं. अन् कोणाले सांगू नको."
मोटर खाली सोडली. संध्याकाळी साहूबाईनं विचारलं, मेकॅनिक कशाला आला होता? म्हटलं, मोटर जळली. तोंडातून सहज निघून गेलं.

२२ मार्च
पाणी! धो धो. दोन्ही गोधड्या धुतल्या, अंगण धुतलं, डोक्यावरून न्हाले. किती बरं वाटलं.
दुपारी साहूबाई पाण्याची रिकामी गुंडी घेऊन गेटवर. "मोर बोर सुखागे, दीदी. तुंहर घर आवत हे का?"
भरून दिली. तिच्याकडे बघवेना.

३१ मार्च
रोज येते. दोन गुंड्या, जास्त कधी मागत नाही. जाताना अंगणातला पाचोळा झाडून जाते, नको म्हटलं तरी. त्यानं जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं.
हे चिडले आज. "रोजचंच झालं हे. आपल्याले पुरलं पाह्यजे ना!"
एक पाईप भिंतीवरून टाकू म्हटलं, अर्धा तास. हे ऐकायला तयार नाहीत. उद्यापासून तिला पाणी नाही म्हणायचं. आणि ते म्हणायचं मी. वाईट व्हायची कामं नेहमी माझ्याच वाट्याला.

१ एप्रिल
म्हटलं तिला. "हौ, दीदी," म्हणाली आणि गेली. मागे आमची टाकी भरून वाहत होती. ऐकू गेलं असेलच.

८ एप्रिल
टॉवरवाल्यांचा माणूस. पांढरा शर्ट, फार गोड. "माताजी, गली में पानी की बहुत तकलीफ है, कल से हमारा टैंकर आएगा, फ्री." मग हळूच, घर द्या, बदल्यात नवा फ्लॅट घ्या. कुठे? तिकडे रायपूरच्या पुढे, दुसऱ्या जिल्ह्यात. "सब एक ही शहर है अब." यांचाच नकाशा यांनाच दाखवला, फ्रीजवरचा!
हे भडकले. "मी मेलो तरी विकणार नाही." त्याला बाहेर काढला आणि सांगून ठेवलं, परत आला तर दार उघडायचं नाही.
नवा रायपूरहून निखिलचा फोन. हा पण तेच. "आई, तू कावून टेन्शन घेते? सब तो एकच सिटी झाली." पोटचा पोरगा त्या माणसाच्या तोंडचं बोलतो. फोन ठेवल्यावर भीती वाटली. निखिलची नाही. कशाची ते नीट सांगता येत नाही.

१७ एप्रिल
कोपऱ्यावरची तीन घरं गेली. कुलपं. एका गेटमधून वाळलेली तुळस दिसते. सात-आठ घरं राहिलीत, तीही डळमळीत.
आमच्या बोरला गाळ. मेकॅनिकनं हात झटकले. "नीचे पत्थर है, बाबूजी." आता आम्हीही टँकरवर.

२३ एप्रिल
टँकर सगळ्यांकडे थांबला. आमच्या गेटवरून सरळ पुढे. मी बादल्या घेऊन उभी. हात केला, हाका मारल्या. ड्रायव्हर खिडकीतून, "ऊपर से मना है, माताजी."
हे पायरीवरून बघत होते. मग उठून आत गेले.

२४ एप्रिल
काल दुपारनंतर घरात पाणी नाही. बाजारातून आणलेला कॅन यांच्या औषधापुरता.
शेवटी गुंडी घेऊन साहूबाईकडे गेले. तिनं काही विचारलं नाही, ड्रममधून काठोकाठ भरून दिली. मला राहवेना. म्हटलं, साहूबाई, तुमची बोर आमच्यामुळे...
"मोला मालूम हे, दीदी."
मी तिथंच रडले. ती उभी राहिली नुसती, समजूत घातली नाही. मग म्हणाली, तिनंही घर द्यायला सही केली. "सोमवार के जावत हंव. तुमन झन बेचहू. कोनो तो रहय इहां."
घरी आले. यांनी विचारलं, "किती भेटलं?" म्हटलं, एक गुंडी. साहूबाई चालली हेही सांगितलं. तुम्ही विकू नका, राहा म्हणाली, ते सांगणार तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. खिडकीतून पांढरा शर्ट दिसला.
बेल वाजली. मी उठले नाही, ही वही उघडून बसले. आता दुसऱ्यांदा वाजली, आणि हे दार उघडायला आपली चप्पल शोधून राहिले.