वेलांटी गेले

प्रिय मास्तर,

साष्टांग नमस्कार (घातला असं समज, कंबर वाकत नाही). तुझे गुडघे आणि वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा करतो. मी जिवंत आहे. हे पत्रात लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आपल्या गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपमधून मंगळवारी सकाळी मी रागाने बाहेर पडलो. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाने शिंपीदादांचं ‘शूभ सकाळ’ किती दिवस सोसायचं? चूक दाखवली की सगळे हसरी तोंडं पाठवतात. म्हटलं, गेलात उडत! बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो. तिथे दाराची बाहेरची कडी आपोआप पडली. फोन बाहेर, मी आत, अंगावर टॉवेल. तासभर दार बडवलं (शेजारच्या बाई कानाला यंत्र लावत नाहीत, तुला माहीतच आहे). खरं सांगतो, घाबरलो. एकट्या माणसाला शोधायला कोण येणार?

इकडे फोनने ग्रुपवर छापलं, ‘वेलांटी गेले.’ (माझं हे टोपणनावच तिथे नोंदवलंय.) आपल्यात घरातून निघतानाही माणूस ‘येतो’ म्हणतो, ‘गेले’ वाचल्यावर दुसरा अर्थ कोण काढणार? बेकरीवाली भट्टी सोडून धावली, सुतारमामा पटाशी घेऊन आले, आणि दार उघडून सगळी गल्ली फुलांसकट घरात. आतून मी ओरडलो, “अहो, कडी काढा!” बेकरीवालीच्या हातातली फुलं तिथेच पडली.

शिंपीदादा मला टॉवेलसकट मिठी मारून रडले. मग त्यांनी आपल्या फोनवर माझ्या श्रद्धांजल्या दाखवल्या. सदतीस होत्या. बारा वर्षांपूर्वी गल्ली सोडून गेलास, तरी तू लिहिलं होतंस, ‘माझ्या पुस्तकाची मुद्रितं यानेच तपासली. आता कुणाला दाखवू?’ मास्तर, तिथे मात्र मीही रडलो. ज्याला मी चकाट्यांचा अड्डा म्हणत होतो, ती आपली गल्लीच निघाली, जरा लांबवर पसरलेली. तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

येतो.

तुझा,
वेलांटी

ता. क. मला ग्रुपमध्ये परत घ्यायला तूच सांग. मला टॉवेलवर पाहिलेल्या लोकांना मी कोणत्या तोंडाने विचारू? यापुढे कुणाच्याही चुका काढणार नाही, असं माझ्या वतीने शपथेवर सांग.

आणखी ता. क. ‘भावपूर्ण’मधला ‘पू’ दीर्घ असतो, तू ऱ्हस्व काढलायस. आत्ताच सांगून ठेवतो, पुढच्या वेळी सांगायला मी नसेन.