ओट्यावर कोणीच नाही

४ डिसेंबर २००६, सोमवार. हिवरपाट

पोचले! दर्यापूरहून काळीपिवळीत, मांडीवर टीव्हीचं खोकं घेऊन. ड्रायव्हर टपावर टाका म्हणत होता, मी ऐकलं नाही. शेजारच्या बाईने अर्ध्या वाटेत खोक्याचा एक कोपरा आपल्या गुडघ्यावर घेतला आणि विचारलं, यात काय दाखवता? मी म्हटलं, माणसांचे हक्क. तिने विचारलं, रंगीत हाय का?

अमरावतीच्या संस्थेने मला सहा महिन्यांसाठी इथे पाठवलं आहे. गावातल्या मुलामुलींना जमवायचं, छोट्या फिल्मा दाखवायच्या, हँडीकॅम त्यांच्या हातात द्यायचा, आणि त्या निमित्ताने जातीधर्म, बाया, अपंग, ज्यांना कोणी जवळ घेत नाही अशा सगळ्यांबद्दल बोलायचं. अकोल्याला अब्बूंच्या घड्याळाच्या दुकानात बसून मी असल्याच कामाची स्वप्नं बघायची.

खोली खुशालरावांच्या घरी मिळाली. ते आधी सरपंच होते. अजूनही गाव त्यांनाच विचारून चालतं. मी आल्या आल्या सांगून टाकलं की माझं नाव अनीसा, आम्ही मुसलमान, अडचण असेल तर आत्ताच बोला. ते हसले. म्हणाले, आमच्या गावात भेदभाव नावाले नाही. त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकूंनी, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर वाढली. वर नमाजसाठी पश्चिम कुठे तेही दाखवलं, आणि तिथली पोती बाजूला सरकवून दिली. अब्बूंना कळवायला हवं. ते उगाच घाबरत होते.

७ डिसेंबर, गुरुवार

समाजमंदिरात पहिला वर्ग झाला. चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलीची फिल्म दाखवली. तिच्या शाळेला पायऱ्या असतात, एवढीच गोष्ट. पण मुलं तासभर भांडली. काकूंची पुतणी आचल दर्यापूरला कॉलेजात जाते, ती सगळ्यात हुशार. खुशालरावांचा नितेश कमी बोलतो, पण कॅमेरा धरतो तेव्हा त्याचा हात जरासुद्धा हलत नाही.

मी त्यांना म्हटलं, कॅमेरा स्वतः काही बघत नाही, बघतो तो धरणारा. तुम्ही ज्याच्याकडे बघायचं टाळता ते फिल्ममध्ये येत नाही. नितेशने विचारलं, म्हणजे आपण पाह्यलं नाही तं ते नसतेच का? मी म्हटलं, असतं, पण फिल्म बघणाऱ्यासाठी नसतं. त्याला हे फार आवडलं. घरी येईपर्यंत तेच बोलत होता.

११ डिसेंबर, सोमवार

आज गाव फिरले. शेवटच्या गल्लीत एका ओट्यावर एक म्हातारी बाई कापसातली सरकी काढत बसली होती. वेचणीहून परतणाऱ्या बाया समोरून गेल्या. गल्ली अरुंद. एकीच्या डोक्यावरचं गाठोडं म्हातारीला घासलं, तिचा पदर खाली आला. ती बाई थांबली नाही. मागेही बघितलं नाही. म्हातारीने पदर सारखा केला, जसं काही रोजचंच.

मी राम राम केला. ती दचकली. किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"मले म्हनलं का?"

मी हो म्हटलं. तिचं नाव पार्वताबाई. म्हणाली, "माह्यासंग बोलू नको बाई. जाय तू." पण जागा करून दिली, आणि मी बसले.

घरी आल्यावर आचलला विचारलं. ती म्हणाली, ताई, त्या घरात कोणी राहात नाही. मी म्हटलं, अगं, आत्ता बोलून आले. चुलीपाशी काकूंचा हात थांबला. मग त्या यंदाच्या मिरच्यांबद्दल बोलायला लागल्या.

१४ डिसेंबर, गुरुवार

पार्वताबाईने सगळं सांगितलं. गावाबाहेर पारध्यांच्या झोपड्यांची वस्ती, बेडा होता. तीन वर्षांमागे जळला. एका वाहिनीची गाडी आली, गावाने त्यांना सांगितलं की चुलीची ठिणगी उडाली. पार्वताबाई एकटी कॅमेऱ्यासमोर म्हणाली की ठिणगी नाही, पेटवला, आणि कोणी ते नावं घेऊन सांगितलं. वाहिनीवर ते दिसलं की नाही तिला माहीत नाही. बेड्यातली माणसं कुठे गेली तेही नाही.

मग गाव देवळात बसलं. तिला मारलं नाही. शिवी दिली नाही. एवढंच ठरलं की ही नाही.

"मारलं असतं तं बरं झालं असतं," म्हणाली.

सामाजिक बहिष्कार! आमच्या प्रशिक्षणात यावर एक पूर्ण दिवस होता. मी तिला म्हटलं, तुमची मुलाखत मी सगळ्या गावासमोर दाखवते, मग बघू कसे नाही म्हणतात. ती नको नको म्हणत होती. मी तिचा हात धरून समजावलं. नितेशही आधी नाही म्हणाला, मग वडलांना विचारून आला आणि मुकाट कॅमेरा लावला. सगळं छान टिपलं त्याने.

आता उद्याची वाट. एका जागी बसवत नाही. खोलीत नुसत्या येरझारा घालते आहे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सगळं गाव आलं होतं. बाया दारात, खुशालराव पुढच्या खुर्चीत.

टेप लावली. ओटा दिसला. मी दिसले. मी प्रश्न विचारते आहे, थांबते आहे, मान हलवते आहे. समोर कोणी नाही. तिचा आवाजही नाही. बकऱ्या ओरडतात, लांब ट्रॅक्टर चालतो, आणि मी रिकाम्या ओट्याशी बोलते. एका ठिकाणी मी तिचा हात धरला होता. पडद्यावर माझी बोटं हवेत मिटतात आणि तशीच राहतात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते.

खुशालराव उठले. अगदी मायेने म्हणाले, "आमच्या गावात जे नाही, ते तुमी कावून दाखवून राहिल्या?" मग सगळे शांतपणे घरी गेले.

मी तशीच तिच्याकडे पळत गेले. होती. हात धरून बघितला. गरम होता.

१८ डिसेंबर, सोमवार

काल सकाळी माझं ताट वाढलं नाही. रात्रीही नाही. मी विचारलं, काकूंनी तवा उतरवला. माझ्या अंगावरून वाकून डबा घेतला.

ठीक आहे. मलाही बहिष्कार. ऑफिसला लेखी कळवते, मग कळेल यांना. भीती नाही वाटत. चीड येते.

पण आजचा वर्ग. मुलं आपणहून जमली. आचलने माझा कागद घेतला आणि वाचला. विषय होता, कोणालाही वगळू नये. स्पष्ट, सुंदर वाचलं, माझेच शब्द. मी टीव्हीशेजारी उभी होते. तिच्या हाताला हात लावला. तिने माशी हाकलावी तसा हात झटकला आणि वाचत राहिली.

नितेशने वर्ग टिपला. मग सगळ्यांनी बसून बघितला.

टीव्ही आहे. भिंत आहे. आचल आहे. तिचा हात झटकतानाही दिसतो.

मी नाही.

१९ डिसेंबर

नाटक आहे. सगळे मिळून करतात. ठरवून करतात. एवढंसं पोरही? काल एक पोरगी चालत आली आणि माझ्यावर आदळली. पडली. रडली. कशावर आदळली ते बघितलंसुद्धा नाही.

जीप थांबत नाही. हात करून करून—

२१ डिसेंबर, दुपार

फाट्यापर्यंत चालत गेले. टपरीवरच्या डब्यात रुपया टाकून दुकानात फोन केला. अब्बूंनी उचलला. ऐकू आलं त्यांना! मी नुसती रडले. ते म्हणाले, "रो मत. हिलना मत वहाँ से. मैं कल आता, तुझे ले जाता." टपरीवाला माझ्या पलीकडे बघत सुपारी कातरत होता. असू दे. उद्या अब्बू येणार. उद्या मी अकोल्यात.

२१ डिसेंबर, संध्याकाळ

पार्वताबाईला निरोप द्यायला गेले. अब्बू येतात म्हटलं. तिने कपाळावर हात मारला. मला उठवून आतल्या खोलीत नेलं.

भिंतीकडे तोंड करून एक माणूस बसला होता. तिचा भाऊ, जानराव. वलगावचा. बहिणीला भेटायला आला, ओट्यावर बसून बोलला. परत गेला तर बायकोने ताट वाढलं नाही. पोरांनी ओ दिली नाही. हिंडून हिंडून इथेच आला. आता तोही बोलत नाही. मी हाक मारली, खांदा हलवला. तो बघतो, पण—

"माह्यापाशी जो बसून बोलला, तो गेला," ती म्हणाली. "तुले म्हनलं होतं जाय."

मी विचारलं, फोनवर? फोनवर बोललं तर? तिला माहीत नाही.

पळत फाट्यावर गेले. टपरी बंद. फोन आत.

२२ डिसेंबर

फाट्यावर थांबून त्यांना अडवता येईल. पण अडवायचं म्हणजे बोलायचं. समोर जायचं. नाही.

पार्वताबाईच्या घरात आहे. दार लावलं. झरोक्यातून खुशालरावांचं अंगण दिसतं.

जीप आली. अब्बूच. हातात पिशवी. खुशालराव त्यांच्याशी बोलताहेत, काकूंनी पाणी दिलं. दिलं! गावाला ते दिसतात. म्हणजे अजून काही झालेलं नाही. फोनचं काही झालं नाही.

आचल मान हलवते. अशी कोणी मुलगी आलीच नाही म्हणत असेल.

जा ना अब्बू. बसा जीपमध्ये. जा.

जात नाहीत. घरोघरी विचारतात. प्रत्येक दारात उभे राहून

गल्लीत आले

अनीसा म्हणून हाक मारली. मग घरचं नाव, अन्नो. ओढणी तोंडात कोंबली आहे. पार्वताबाई दाराला पाठ लावून बसली. मान हलवते. नको. नको.

परत हाक. आवाज फाटला त्यांचा. असा कधी—

अम्मी गेली तेव्हाही नाही—

ओट्यावर पावलं. कडी वाजते. फटीतून त्यांचा चष्मा, डोळा, इकडे, मला बघि— बेटा म्हणाले, तू है ना अंदर, एक बार बोल—

मी बोल