बाबांच्या ट्रकचं स्टिअरिंग

कॅनोरा,
२८ एप्रिल १९७४

चि. ओरेस्टला ताईचे खूप खूप आशीर्वाद.

फोनच केला असता, पण आपल्या सामाईक लाइनीवर अर्धं गाव आहे. मी रिसीव्हर उचलला की शेजारच्या मारूस्याकाकू श्वास रोखून ऐकत बसतात. म्हणून पत्र.

बाबांची नजर जात चालली आहे रे. गेल्या महिन्यात चर्चहून येताना त्यांनी पुलाजवळ ट्रक उलट्या बाजूला घातला. शेजारी माझी नादिया बसलेली. समोरच्याने आपली गाडी खड्ड्यात उतरवली म्हणून लेक घरी आली. बाबा म्हणाले, ऊन डोळ्यावर आलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, माझं तर त्याहून नाही. मी चालवते म्हटलं तर त्या ट्रकला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नाही. किल्ली लपवावी तर ते स्क्रूड्रायव्हरनेही सुरू करतात. बॅटरी काढावी तर ट्रॅक्टरची लावतील. राहता राहिलं स्टिअरिंग. पेरणीचं बियाणं आणायला ते निघायच्या आत मी ते काढून ठेवणार आहे. बापाच्याच घरात चोरी करायची वेळ आली बघ.

पण नट सुटला तरी स्टिअरिंगचं चाक जागचं हलत नाही, गंजून दांड्याला चिकटून बसलंय. नटावर पान्याचे ताजे ओरखडे दिसले. जानेवारीत आला होतास तेव्हा तू काही खटपट केली होतीस का? कसं काढायचं ते लगेच कळव. आणि मी चुकत असेन तर तेही कळव.

तुझी,
ओलेना


सास्काटून,
३ मे १९७४

ती. ताईस ओरेस्टचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. जानेवारीत मी तुझ्या हातचे पेरोगी खाण्यापलीकडे काही केलं नाही, हे तुला माहीत आहे. त्या नटाला माझा हात लागलेला नाही.

आता ऐक. गंज सोडवायचं तेल ओत आणि एक दिवस मुरू दे. नट पुरता काढू नकोस, दोन-तीन आट्यांवर राहू दे. नाहीतर चाक सुटेल ते थेट तुझ्या दातांवर. मग सीटवर बसून दोन्ही गुडघ्यांनी चाक वर रेट, आणि नटावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडी मार. नुसती हातोडी मारलीस तर आटे चेपतील. सुटलं की बसने माझ्याकडे पाठवून दे. तिथे घरात ठेवलंस तर बाबा वासाने शोधून काढतील.

चुकत नाहीस तू. पण मी इथे शहरात बसून शहाणपण सांगतोय आणि पाप तुझ्या हातून करून घेतोय. त्याची लाज वाटते.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
ओरेस्ट


कॅनोरा,
९ मे १९७४

चि. ओरेस्टला आशीर्वाद.

चाक बसने रवाना केलं आहे. पण ते मी काढलं नाही, बाबांनी काढलं.

मी ट्रकमध्ये गुडघे टेकून रेटत होते, तेवढ्यात ते शेडच्या दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की चाकाला तडा गेलाय, ओरेस्ट शहरातून दुरुस्त करून देणार आहे. त्यांनी मला बाजूला सारलं, कानस मागितली, बोटांनी चाचपून दांड्यावर आणि चाकावर एक रेघ मारली. मग गुडघे लावले आणि एका ठोक्यात चाक सोडवलं. माझ्या हातात देताना म्हणाले, जड आहे, जपून ने.

माझी चोरी त्यांनीच हाताने करून दिली. रोज सकाळी ते त्या बिनस्टिअरिंगच्या ट्रकमध्ये जाऊन बसतात, आणि मला त्यांच्यापुढे चहा ठेवायचीही शरम वाटते. तुला काही सुचत असेल तर लिही.

ओलेना


कॅनोरा,
१४ मे १९७४

चि. ओरेस्टला बापाचा आशीर्वाद.

पट्टी धरून लिहितो आहे, ओळ वाकडी गेली तर हसू नकोस.

चाक पोचलं असेल. त्यात तडा शोधत बसू नकोस, नाही तो. तुझ्या बहिणीला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही.

पुलावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच पाना घेऊन ट्रकमध्ये चढलो होतो. नट सोडवला. चाक निघत नाही असं मनाला सांगितलं आणि नट पुन्हा आवळून टाकला. निघालं असतं. माझाच हात होईना. मग ओलेनाला तिथे धडपडताना पाहिलं आणि बरं वाटलं, हेच मला सलतं. त्या दिवशी नादिया माझ्या शेजारी बसली होती आणि तरी मी लेकीला चोर होऊ दिलं. हे तिला तूच सांग. माझ्याने सांगवत नाही.

चाक परत पाठव. ओलेना बसवेल, रेघेला रेघ जुळवली की सरळ बसतं. ट्रक यापुढे तिने चालवायचा.

परवा मी उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिलं. तिकडच्या खिडकीची काच खाली येत नाही, फिरवायची मूठच तुटलेली आहे. तुमची आई एवढी वर्षं तिथे बसली, उन्हाळ्यातसुद्धा, आणि कधी बोलली नाही. मीही कधी त्या बाजूला बसलो नाही. चाकाबरोबर तेवढी एक मूठ पाठव.

सगळ्यांवर लोभ ठेव, माझ्यावर थोडा जास्त.

तुझा बाप,
ह्नात