पाटीवरचा 'इररिगार्डलेस'

३ नोव्हेंबर
व्याघ्र सफारीच्या मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला जॉइन झाले. महिनाभर ट्रायल, मग परमनंट. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही इंग्लिश लिटरेचर. आईने विहारात सगळ्यांना सांगून टाकलं, रिना लागली म्हणून. अजून लागले नाही, पण लागणारच. संकल्प: कुणाच्याही चुका काढायच्या नाहीत.

४ नोव्हेंबर
काउंटरमागे पाटी आहे. 'इररिगार्डलेस ऑफ टायगर सायटिंग, नो रिफंड.' म्हणजे वाघ दिसो न दिसो, पैसे परत नाहीत. पण शब्द चूक. नुसतं 'रिगार्डलेस' हवं. 'लेस'मध्ये एक नकार आला, वर 'इर' लावून दुसरा कशाला? दिवसभर सहन केलं.

६ नोव्हेंबर
मॅनेजर धनराज सरांना नम्रपणे सांगितलं. ही चूक काढणं नव्हे, मदत. ते म्हणाले, पाटी नागपूरहून बनवून आणली आहे, अॅक्रिलिकची. यावर व्याकरणाकडे उत्तर नाही.
घरी सांगितलं तर आई म्हणाली, "पोरी, तू काऊन त्या पाटीच्या मागे लागून राह्यली? पगार पाटी देते काय तुले?"
आईला भाषेचं दुःख कळत नाही.

९ नोव्हेंबर
पुण्याच्या एका काकांना वाघ दिसला नाही. माझ्यावरच चिडले. त्यांना शांत करावं म्हणून पाटीतली गंमत समजावली: दोन नकारांचा होकार होतो, म्हणजे या पाटीप्रमाणे वाघ न दिसल्याचा विचार करावाच लागेल. काकांना लगेच पटलं. इतका हुशार विद्यार्थी मला भेटला नव्हता. त्यांनी पाटीचा फोटो काढला आणि रिफंड मागितला. सगळ्या कुटुंबाला जेवण फुकट दिल्यावर गेले.

१० नोव्हेंबर
सरांनी सगळ्यांसमोर झापलं. म्हणाले, असा शब्दच नसता तर पाटी बनवणाऱ्याला सुचला असता का? मी म्हटलं, जगातल्या एकाही डिक्शनरीत सापडला तर राजीनामा देते. जिप्सी चालवणारा विक्की हळूच म्हणाला, "असं नको बोलू बाप्पा." पण भाषेसाठी कुणीतरी उभं राहायला हवं.
संध्याकाळी मोबाईलवर पाहिलं.
आहे. डिक्शनरीत आहे. शंभर वर्षांपासून आहे. पुढे लिहिलंय, 'नॉनस्टँडर्ड', त्याऐवजी 'रिगार्डलेस' वापरा. म्हणजे मीच बरोबर. पण शब्द आहे. सर काही डिक्शनरी उघडणाऱ्यातले नाहीत.

११ नोव्हेंबर
विक्कीने उघडली. माझ्या बाजूने पुरावा शोधत होता बिचारा, आणि सापडलं ते मोठ्याने वाचलं. मी सरांना नॉनस्टँडर्डचा अर्थ समजावला. ते म्हणाले, "नॉन-एसी रूमले रूमच म्हणतो ना आपण?"
राजीनामा दिला. इंग्लिशमध्ये, एकही चूक नाही. असं इंग्लिश वाचल्यावर कोणताही समजदार माणूस तो परत करेल.

१२ नोव्हेंबर
सरांनी दोनदा वाचला. म्हणाले, इतकं साफ इंग्लिश या रिसॉर्टमध्ये कुणी लिहिलं नाही. आणि सही केली.
इंग्लिशमधूनच विनंती करायला गेले. तोंडातून निघालं, "सर, मले राहू द्या ना जी. आईले काय सांगू?"
सर नरम पडले. चहा मागवला. म्हणाले, उद्यापासून दुसरी मुलगी येऊन राह्यली. तिचं इंग्लिश कच्चं आहे. मुद्दाम तशीच पाहिली.