काटा खोटं बोलतो

८ सप्टेंबर, सोमवार
वादळ गेलं. छप्पर शाबूत. वीज गेली, पण आपल्याकडे जनरेटर आहे! गेल्या वर्षी घेतला तेव्हा व्हर्डी आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता बायकोला कळेल नवऱ्याची किंमत.

फ्रीझरमध्ये रनेलाच्या लग्नाची कोळंबी आहे. एकूण एक मी स्वतः धरलेली. शनिवारी लग्न, आणि पोरीच्या लग्नात कोळंबी बापाच्या हातची, असं मी आमच्या खाडीच्या, बायूच्या दोन्ही काठांवर सांगून बसलोय. घराचा मेन स्विच खाली ओढला. वीज अचानक उसळून आली तर फ्रीझर जळायचा. माणसाने पुढचा विचार करावा.

संध्याकाळ. जनरेटर सुरू. दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा राहिला. व्हर्डीला सांगितलं, दुसऱ्या झटक्यात लागला. व्होल्टचा काटा एकशेवीसवर हवा, नव्वदवर आहे. पण फ्रीझर घरघरतोय. म्हणजे काटा खोटं बोलतो.

९ सप्टेंबर
शेजारचा आल्सी आला. कोळंबीची बोट आहे म्हणून स्वतःला इंजिनांचा डॉक्टर समजतो. टाकी हुंगून म्हणाला, गेल्या वर्षीचंच पेट्रोल ना? नासलंय ते, इंजिनाला दम लागतोय, काटा खरंच सांगतोय बाबा. माल माझ्या बोटीवर टाक, खाली बर्फ भरलाय.

वा! म्हणजे शनिवारी हा सांगत फिरायला मोकळा, की नोल्टनच्या पोरीचं लग्न मी तारलं. कॉफी पाजून वाटेला लावला. व्हर्डी म्हणाली, तुझा ताठा ठेव फ्रीझरमध्ये, तो तरी टिकेल.

दुपारी. चर्चमधून मीटर आणला. नव्वद. रागारागाने आल्सीचाही आणला. नव्वद. दमट हवेत मीटर बिघडतात. एकदम तीन बिघडले, म्हणजे हवा किती दमट असेल!

१० सप्टेंबर
व्हर्डी बहिणीकडे गेली, रनेलाच्या लग्नाच्या गाऊनला टाके घालायला. जाताना म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, आल्सीकडे जा. हो म्हटलं. गेलो नाही.

आणि बरंच झालं! काट्याच्या काचेखाली एक बारीकसा स्क्रू सापडला. हळूहळू फिरवला. काटा थेट एकशेवीसवर! जनरेटर दुरुस्त. उगाच लोक मेकॅनिक बोलावतात.

पेट्रोल भरायला इंजिन बंद केलं तरी काटा तीसवर. यंत्रात वीज साठतेय. हे तर माहितीपुस्तिकेतही लिहिलेलं नाही.

रात्री आल्सीच्या ओसरीवर दिवा. घेतला वाटतं त्यानेही जनरेटर. दुसऱ्याचं चांगलं कुणाला बघवतंय?

११ सप्टेंबर
समोरच्या म्हातारीकडे टीव्ही चालू. तिच्या पलीकडेही दिवे. सगळ्यांनी जनरेटर घेतले, तेही बिनआवाजाचे! आल्सीला विचारलं, तुझा कुठे लपवलायस? पोट धरधरून हसला. म्हणाला, आधी तुझा तो भोंगा बंद कर, झोपू दे आम्हाला. जळतो मेला.

फ्रीझर आता आवाजच करत नाही. पोटभर गार झाला की मोटर विसावा घेते. झाकण उघडलं नाही. गारवा जातो.

१२ सप्टेंबर
व्हर्डी आली. दारातूनच ओरडली, अरे, बुधवारपासून सगळीकडे वीज आहे, आपल्याच घरात काळोख का?

मेन स्विच वर केला. दिवे लागले, पंखा फिरला. फ्रीझर ढिम्म. आल्सी बघून म्हणाला, कमी व्होल्टवर कण्हून कण्हून मोटर गेली. नोल्टन, अरे, मला वाटलं तुला हौसच आहे जनरेटर चालवायची.

मग झाकण उघडलं. त्याबद्दल लिहवत नाही. पोती भरून बायूत ओतली. खेकड्यांची चंगळ.

रनेला आली. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. नाकाला हात लावून उभी राहिली, मग म्हणाली, जाऊ दे पप्पा, कोंबडी करू. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
लग्न छान झालं. कोंबडी करावी लागली नाही. सकाळीच आल्सी कोळंबीचे खोके घेऊन आला. थोडी त्याची, थोडी समोरच्या म्हातारीची, बाकी दारोदार फिरून गोळा केलेली. कढईपाशी दिवसभर तोच उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. आता बोलेल, मग बोलेल.

जेवताना व्याही म्हणाले, कोळंबी फक्कड झालीय हो, तुम्हीच धरलेली ना?

मी तोंड उघडलं.

कढईकडून आल्सी म्हणाला, तर! त्याचीच आहे सगळी.

रनेलाने माझ्याकडे बघितलंच नाही. व्याह्यांनी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. मला जेवण गेलं नाही.