मागे घेताना व्हर्लाचे हात

मुक्काम युमा, ॲरिझोना
मार्च सरत आला

चिरंजीव ऑरिन यास,

थोरला भाऊ वेंडेल याचे पोटभर आशीर्वाद. (सत्तरीला टेकलेल्या माणसाला चिरंजीव म्हणू नये असं व्हर्ला म्हणते, पण धाकटा तो धाकटाच.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझा गुडघा, चर्चमधला तुझा ऑर्गन आणि तुझी ती विजेवरची गाडी, तिघांचीही प्रकृती कळवणे. फार्गोला अजून बर्फ आहे म्हणे. इथे लोक अर्ध्या चड्डीत हिंडतात, आणि ज्यांनी हिंडू नये तेच जास्त हिंडतात.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे हे तू ओळखलं असशीलच. माझा उजवा अंगठा जोडणीच्या लोखंडात चेमटला, म्हणून मी सांगतो नि ती लिहिते. मजकूर मात्र शब्द न् शब्द माझा, कंसातलासुद्धा. (अंगठा ठणठणीत आहे. कंसात मधूनमधून मीही येईन, खाली नाव घालीन. — व्हर्ला)

तर ऑरिन, तुझी वहिनी ट्रक विकायला निघाली आहे. एप्रिल लागला की इथली सगळी वस्ती आपापली चाकांवरची घरं ओढत उत्तरेला चालू लागते. तोवर आमचा ट्रक हाकणारा दुसरा कुणी मिळाला नाही, तर ट्रक आणि ट्रेलर दोन्ही इथेच कुणाच्या तरी गळ्यात मारायचे आणि आपण दोघांनी विमानाने घरी जायचं, असा तिचा हुकूम आहे. कॅनडाचा एक बर्टन नावाचा इसम रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन येतो, ट्रकला प्रदक्षिणा घालतो, टायरला हलकेच लाथ मारतो आणि निघून जातो. म्हातारा अजून खाटेवर असताना त्याच्या कपाटाकडे बघणारे नातेवाईक असतात ना, तसला त्याचा चेहरा. मी त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणतो. संस्कार आड येतात.

तू या ट्रकला कायम नावं ठेवलीस. 'दादा, एक संडास ओढायला एवढं लोखंड?' असं तू ख्रिसमसच्या जेवणावर सगळ्यांच्या देखत म्हणालास, ते मी केव्हाच विसरलो. (विसरलेला नाही. — व्हर्ला) तुला काय कळणार रे? तुझ्या गाडीला तेल नाही, धूर नाही, आवाज फ्रिजसारखा. या ट्रकला मागे जोडीजोडीने चार चाकं आहेत, आणि पुढची दोन धरून सहाही चाकांची हवा मी निघण्याआधी स्वतः मोजतो. ऑइल मी बदलतो, डिझेलचा फिल्टर मी बदलतो, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याने मी घासतो, आणि जिथे म्हणून लोखंडावर लोखंड फिरतं तिथे ग्रीस मी भरतो. (माझ्या गुडघ्याला मात्र कधी तेल लावलं नाही. — व्हर्ला) जन्मभर मी धान्याच्या कोठारावर दुसऱ्यांचे ट्रक तोलले. ते यायचे, जायचे, मी काट्यापाशी उभा. त्यांचा धूर तेवढा माझा.

आणि एक गोष्ट, जी मी तुला तोंडावर सांगितली नसती. निवृत्तीनंतर घरी आम्ही दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून बसायचो. ट्रकच्या केबिनला काच एकच. समोर जे येईल ते दोघांनीच बघायचं, आणि बघता बघता माणूस बोलतो. व्हर्लाला भूगोलाची शिक्षिका व्हायचं होतं हे मला मोंटानातल्या एका घाटात कळलं, ऑरिन. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! कुठली नदी कुठे जाते हे तिला तोंडपाठ आहे. मला तिची सोबत आवडते. ट्रक गेला की आम्ही पुन्हा दोन खोल्यांत, आणि मला त्याची भीती वाटते. (हे मी लिहिलं आणि मग जरा नाक पुसायला गेले. — व्हर्ला)

आता वहिनीचं म्हणणं काय, तर या हिवाळ्यात माझ्या हातून तीन चुका झाल्या. चुका हा तिचा शब्द. मी त्यांना घटना म्हणतो.

पहिली घटना डिझेलची. या नव्या ट्रकांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचं पाणी लागतं. डिझेलच्या तोंडाला हिरवं झाकण, युरियाच्या तोंडाला निळं, आणि दोन्ही तोंडं एकमेकांना खेटून. ज्या इंजिनियरला ही अक्कल सुचली त्याच्या घरी मीठ आणि साखर एकाच डब्यात ठेवत असतील. मी युरियाचं पाणी डिझेलच्या टाकीत ओतलं, अगदी काठोकाठ, एक थेंब न सांडता. पुढे ट्रकने जो खोकला काढला, तो ऐकून मला आपल्या बाबांची आठवण झाली. टाकी उतरवावी लागली, नळ्या बदलाव्या लागल्या, आणि मेकॅनिक सगळा वेळ माझ्याशी इतकं हळू आणि इतकं गोड बोलत होता की मला त्याला चापट मारावीशी वाटली.

दुसरी घटना जोडणीची. ट्रकच्या हौद्यात लोखंडी जबडा असतो, ट्रेलरचा खुंटा त्यात बसतो आणि जबडा मिटतो. मिटला की ट्रेलरचे ब्रेक आवळायचे आणि ट्रक जरासा पुढे ओढून बघायचा; अडला तर जोडणी पक्की. हे ओढून बघणं म्हणजे आमच्या लोकांत जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं. जो करत नाही त्याचं नाव लोक हलक्या आवाजात घेतात. त्या सकाळी मी बर्टनला याच विषयावर बराच वेळ उपदेश केला, मग ऐटीत चढलो आणि ओढून न बघताच निघालो. कारण जबडा मिटलेला मला दिसला होता. (उघडा होता. मी म्हटलं, ओढून बघ. म्हणाला, दिसतंय ना मला, तू बस गप. — व्हर्ला) ट्रक पुढे गेला, घर मागे राहिलं, आणि मग घर हौद्यावर बसलं. हौद्याच्या दोन्ही कडा कुत्र्याच्या कानांसारख्या खाली पडल्या आहेत. व्हर्लाच्या बीटाच्या लोणच्याच्या बरण्या आतल्या आत फुटल्या आणि दाराखालून लाल ओघळ निघाला. बर्टनने टोपी काढून छातीशी धरली. माणूस वाईट नाही तो.

तिसरी घटना सांगायला मला धीर हवा. तुला आमच्याकडची रीत माहीत नाही, म्हणून सांगतो. वस्तीवर कुणी नवा ट्रेलर घेऊन आला की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या दारात मांडून बसतात. मदतीला कुणी उठत नाही. तो मागे घेताना बघायचं. तो चुकला तर बायकोशी कसा भांडतो ते बघायचं. आणि ट्रेलर जागेवर लागला एकदाचा, की कुणीतरी लिंबाच्या वड्या घेऊन जायचं नि म्हणायचं, छान लागला हो. यात दुसरा एक कायदा आहे: मागे घेताना फक्त आपल्या बायकोच्या हातांकडे बघायचं. आरशात ती दिसायलाच हवी. शंभर शहाणे हात हलवत असतात. ज्याने दुसऱ्याचे हात बघितले तो बुडाला. व्हर्लाचे हात मी अनेक वर्षं बघतो आहे. दोन्ही वर, थांब. एक आडवा, तिकडे वळव. दोन्ही पोटाशी, ये राजा ये. माझा ट्रेलर एका दमात लागतो हे सगळ्या युमाला माहीत आहे, आणि मी दुरुस्तीहून परत येतोय म्हटल्यावर खुर्च्या कार्यक्रम असल्यासारख्या मांडल्या होत्या.

व्हर्ला नारिंगी हातमोजे घालून मागे उभी होती. (दोन हिवाळे घालतेय. का, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. — व्हर्ला) मला आरशात नारिंगी दिसलं. हात वर गेले, मी थांबलो. उजवा आडवा गेला, मी वळवलं. दोन्ही सावकाश पोटाशी आले, मी मागे आलो. काय सांगू ऑरिन, असा ट्रेलर मी जन्मात लावला नव्हता. लोण्यातून सुरी गेल्यासारखा गेला, रेषेला रेष, एका दमात. कुणी ओरडत होतं, पण शंभर शहाण्यांकडे मी लक्ष देत नाही. मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो.

लोखंडी खुंट्यांवर घोड्याचे नाल फेकायचा खेळ असतो ना, ट्रेलर त्याच्या मैदानात लागला होता. बरोबर मधोमध, दोन्ही खुंट्यांच्या मध्ये. आणि ज्या हातांवर मी विसंबलो, ते ओपल नावाच्या विधवा बाईंचे होते. त्या नारिंगी सदरा घालून श्वासाचे व्यायाम करत होत्या. व्हर्ला आमच्या जागेवर उभी राहून घसा फुटेस्तोवर माझं नाव घेत होती. कुणी हसलं नाही. तेच वाईट. खुर्च्या एकेक करून मिटल्या, आणि लिंबाच्या वड्या तरीही आल्या.

मग व्हर्ला मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीण वयाने आपल्या चर्चच्या रविवारच्या शाळेतली पोर वाटावी अशी. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरलाय, तो वाढेल, जाणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे मला सगळं दिसतं ऑरिन, फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. व्हर्लाचा चेहरा बघायचा असेल तर तिच्या कानाच्या बाजूला बघावं लागतं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरणीने कागदावर लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, माझ्या सोयीसाठी.

असो. मला कुणाकडून काही नको आहे, हे तू जाणतोसच. ट्रक आहे तोवर त्याला जपायचं, म्हणून काल मी हाताने चाचपत सगळीकडे ग्रीस भरलं. लोभ आहेच, तो असावा असं काय सांगायचं.

तुझा थोरला भाऊ,
वेंडेल

ता. क. — ऑर्गनला रजा देऊन तू पंधरा दिवस इकडे येऊ शकशील का? विमानाने ये आणि ट्रक उत्तरेला घेऊन चल. बाबांचा गव्हाचा ट्रक तू ऐन कापणीत तळ्यात घातलास, आणि त्यानंतर त्यांनी तुला कधी चावी दिली नाही, हे मी जाणून आहे. पण मी शेजारी बसेन. मी सांगेन तसं तू करायचंस. तू हो म्हटलंस तर ट्रक राहील.

ता. क. दुसरा — मी स्वतःहून विचारलं हे व्हर्लाला कळू देऊ नकोस. तुलाच सुचलं असं दाखव. (लिहिलं. — व्हर्ला)

ता. क. तिसरा, हा व्हर्लाचा — भावजी, वरचं सगळं त्याला वाचून दाखवलं, हे दाखवणार नाही. त्याने सही केली ती कागदाच्या बाहेर जाऊन टेबलावर पुरी झाली. ते मी पुसलं नाही.

तुम्ही या. पण भावजी, येऊन वाईट चालवा. पहिल्याच मुक्कामावर ट्रेलर मागे घेताना असा घाला की बघणाऱ्यांनी खुर्च्या सोडून पळावं. तुम्हाला फारसं कठीण जाऊ नये. खांब कुठला पाडायचा ते मी दाखवीन. म्हणजे हा चिडेल, कपाळावर हात मारील आणि म्हणेल, 'अरे उतर खाली! तुझ्यापेक्षा माझी व्हर्ला बरी चालवील!'

ते त्याच्या तोंडून यायला हवं. मी आपणहून चाक धरलं, तर आपलं संपलं असं तो समजेल, आणि मग शेजारी बसून एक शब्द बोलणार नाही. आणि मी खरंच बरी चालवते. हा दुपारी पत्त्यांच्या टेबलाशी गप्पा मारायला जातो तेव्हा ओपल तिच्या ट्रकवर मला शिकवते, कोबीच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात. परवा एका दमात लावला. बघायला कुणी नव्हतं.

मागे उभं राहून हात हलवायला तोच लागेल. कडेकडेचं त्याला दिसतं ना, ट्रेलरच्या कडाच तर बघायच्या असतात. नारिंगी हातमोजे मी त्याच्यासाठी धुऊन ठेवलेत, पण घातले नाहीत तरी चालेल. त्याचे हात मला लांबूनही कळतात.

इतका वेळ पेन कशाचं चालतंय, म्हणून तो विचारतोय. पत्ता लिहितेय म्हटलं. म्हणाला, एवढा लांब पत्ता? म्हटलं, तुझा भाऊ लांबच राहतो.