वानखडेंच्या गाडीला दिलेला कौल

१९ सप्टेंबर
आज पाच गाड्या. चार दहा वर्षांच्या पुढच्या, एक दीड वर्षाची. पितृपंधरवडा आहे, नव्या गाडीचं नाव कोणी काढत नाही. जुन्या दुरुस्त करायला मात्र पितरांची हरकत नसते. नांदे फाट्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत लाईन. सगळे हिंजवडीचे. हेच लोक पूर्वी गाडीला पाच वर्षं झाली की बदलायचे. आता बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "दादा, अजून किती काढेल?"

फरक लिहून ठेवतो. तेरा वर्षांची गाडी: बॉनेट उघडलं की हात थेट स्टार्टरपर्यंत जातो. दोन बोल्ट, वीस मिनिटं. दीड वर्षाची: वर काळं प्लास्टिकचं झाकण, खाली वायरींचं जाळं. नुसता डॅशबोर्डवरचा दिवा लागला होता म्हणून आली. गाडी चालतेय उत्तम, पण दिवा म्हणतो नाही. तिला मशीन लावणाऱ्याकडे पाठवलं. मी दिव्याचं ऐकत नाही.

चारला धाकटा भाऊ बाळू चहाला आला. त्याच्या शोरूमच्या मागच्या यार्डात नव्या गाड्या उभ्याच आहेत, चाकांखाली गवत आलंय. रोज सकाळी एकेक चालू करून दहा मिनिटं ठेवतो म्हणे, बॅटरी बसू नये म्हणून. सेल्समन तो.
"दादा, तुज्याकडं लाईन अन् आमच्याकडं माशा."
मी हसलो. बाळू हसला नाही. दिवाळीआधी पाच जणांना कमी करणार असं ऐकलंय त्याने. यादीतून सुटायला या महिन्यात त्याला अजून एक बुकिंग हवं. एकच.

२३ सप्टेंबर
वानखडे म्हणून एक जण आला. अकोल्याचा, हिंजवडीत कंपनीत आहे, तिशीचा. दिवाळीला आईवडील येणार, त्यांना फिरवायला गाडी पाहिजे. नवी बुक केलीय, पण मन खातंय. रिहे गावच्या एका फार्महाऊसवाल्याची बारा वर्षांची गाडी बघितलीय, एकच मालक. "मला ना दादा, त्यातलं काहीच समजत नाही. तुम्ही कौल द्या. तुम्ही घ्या म्हटलं तर घेतो."

बुकिंग कोणाकडे केलंय ते विचारलं. खिशातून कार्ड काढलं. बाळूचं.

परवा गाडी आणा म्हणालो.

२५ सप्टेंबर
स. १०.१५. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं, गरम करून आणलेल्या गाडीला मी हात लावत नाही. धूर नाही. ऑईल काळं पण पातळ झालेलं नाही. पुढचे टायर चार वर्षांचे, मागचे सहा. मग स्क्रू ड्रायव्हर. अठरा इंची, लाकडी मुठीचा, खडीच्या क्रशरवर होतो तेव्हापासूनचा. टोक इंजिनला, मूठ उजव्या कानाला, डोळे बंद. सात जागा, प्रत्येक जागी वीस मोजायचे. मला हे कोणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर जे शिकलो ते ट्रकांना कान लावून आणि इंग्रजी पुस्तकातले शब्द वहीत उतरवून.

वानखडेची बायको मोबाईलवर शूटिंग करत होती, अकोल्याला पाठवायला. चार-पाच बघेही जमलेले. कौलाला जमतातच.

कुठेही खरखर नाही. इतकी स्वच्छ गाडी वर्षात ऐकली नव्हती. शेवटी नेहमीसारखं एकच बोललो: "घ्या."
कारण मी सांगत नाही. विचारायचीही पद्धत नाही.

कान लावताना बाळू डोक्यात होता का? होता. पण कौलात भाऊ आणायचा नसतो.

२८ सप्टेंबर
वानखडेने बुकिंग रद्द केलं. संध्याकाळी बाळू आला, आत बसला नाही. मोटरसायकलवरच.
"दादा, त्ये बुकिंग माजं होतं."
"मला म्हाईत होतं."
"म्हाईत होतं?"
"आवाज चांगला होता, बाळू. खोटं बोलू का?"
बराच वेळ हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "तू कदी नव्या गाडीला कान लावलायस का रं? एकदा तरी? नवं म्हंजी प्लास्टिक, नवं म्हंजी नाटक. बारा वर्सं ऐकतुय मी."
गेला. चहा तसाच.

माझं चुकलं नाही असं सौ. ला सांगितलं. ती म्हणाली, "हळू बोला, शेजारी ऐकत्यात." मी हळूच बोलत होतो.

२ ऑक्टोबर
सर्वपित्री. वडिलांचं, अण्णांचं, पान वाढलं. बाळू आला, जेवला, माझ्याशी बोलला नाही. कावळा लगेच शिवला तेव्हा दोघांनी एकदमच वर पाहिलं, तेवढंच.

सौ. कुकर लावून माडीवर गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा सांगून. मी ओट्यापाशीच उभा. एकही झाली नाही. ती धावत खाली आली, भात करपलेला. म्हणाली, "सात झाल्या, अवो!" मी म्हणालो, शिट्टीचं वजन खराब झालंय, बघतो. काढून पाहिलं. ठीक होतं. तरी साफ केलं.

४ ऑक्टोबर
वानखडेने काल घटस्थापनेच्या मुहूर्तावर गाडी नेली. आज पेढे घेऊन आला. "नवीनमध्ये एवढी दणकट नसती मिळाली ना दादा?" मी म्हणालो, पत्र्याला टिचकी मारून बघा. मारली. खूश.

१२ ऑक्टोबर, दसरा
काल हत्यारांची पूजा केली. आज कारण काढून बाळूच्या शोरूमवर गेलो, आपट्याची पानं द्यायची म्हणून. एरवी दसऱ्याला तिथे रस्त्यापर्यंत हार घातलेल्या गाड्या, लिंबं फुटायचा चिकचिकाट. आज दुपारपर्यंत दोन. दोनच. बाकी लिंबांची टोपली भरलेली, भटजी खुर्चीत पेपर वाचतोय. बाळू टायमध्ये. पानं घेतली, पाया पडला. म्हणाला, "बस की एकदा आत. कान लाव."

बसलो. सगळ्यात महागडी. चालू केली की बंद, मला कळेना. काट्याकडे पाहिलं, काटा आठशेवर. चालू होती. नव्या गाड्या शांत झाल्यात हे खरं, मनात म्हणालो. तोंडाने नाही. म्हणायला पाहिजे होतं.

१६ ऑक्टोबर
स. ११.४० ला वानखडेचा फोन. पिरंगुटच्या चढाला गाडी बंद. आईवडील आधीच आलेत अकोल्याहून, दोघं गाडीत. टो करून आणली. वडील काठी टेकत उतरले. आई मला म्हणाली, "काय झालं बाप्पा, चांगली चालली होती." मी खुर्ची दिली, पाणी दिलं.

दुपारी उघडली. टायमिंगची साखळी तुटलेली. तुटलेलं खोटं नसतं, तुटण्याआधीचं बघावं लागतं. साखळी ताणून सैल झालेली, तिला धरणाऱ्या गाईडचं प्लास्टिक झिजून लोखंड उघडं. साखळीने आतल्या कव्हरला खाच पाडलीय, करंगळीचं टोक बसेल एवढी. चार व्हॉल्व्ह वाकले. ही खाच तीन आठवड्यांत पडत नाही. सहा महिने ही साखळी ओरडत असणार.

वानखडेने विचारलं. मी म्हणालो, "साखळीचं असं असतं. कधी जाईल सांगता येत नाही."
हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. दुसऱ्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं की त्यांना मी

१७ ऑक्टोबर
काल वाक्य अर्धं सोडलं. पुरं करवत नाही.

नव्या गाड्यांत साखळी ताणली की दिवा लागतो. पिवळा. मी ज्याला हसतो तो.

१९ ऑक्टोबर
वानखडेने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. कौलाच्या दिवसाचा. खाली लिहिलंय: दादा, आई म्हणते यात खरखर येते. मी तिला सांगितलं, दादांनी ती ऐकूनच घ्या म्हटलं असेल ना?

तीनदा लावला. मी डोळे मिटून, मूठ कानाला. पाय जुळवून उभा, देवळात उभं राहावं तसा. इंजिनचा घुमारा. बाकी काही नाही. आवाज पूर्ण वाढवून लावला. काही नाही.

सौ. भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "त्ये काय खर्र खर्र वाजतंय? डब्यात खिळं हलवल्यागत."

मोबाईल बंद केला.

म्हणजे त्या दिवशी दारात उभ्या सगळ्यांना ते ऐकू येत होतं. वानखडेलाही. बघ्यांनाही. आणि कोणी बोललं नाही, कारण मूठ माझ्या कानाला होती.

२० ऑक्टोबर
सौ. ला सांगितलं. ती भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "वरीस झालं. शिट्टी न्हाई ऐकू येत तुमाला. पैंजणं न्हाई. मी कितीदा हाक मारली म्हंजी तुमी वळता, मोजलंय कदी?"
"सांगायचं न्हाई?"
"तुमाला? सांगायचं?"

२२ ऑक्टोबर
बाळूला काढलं. सकाळी यार्डातल्या गाड्या चालू केल्या आणि मग बोलावून सांगितलं. पाच जणांत तो पाचवा. सहाव्याला राखला, त्याचं एक बुकिंग जास्त होतं.

डब्याच्या पिशवीत टाय घडी करून आणला. गॅरेजमध्ये टायरवर बसला, वानखडेच्या उघड्या इंजिनकडे बघत. शिव्या देईल वाटलं. नुसतं विचारलं, "हीच का ती?"
"हीच."
"मंग काय झालं हिला?"
सांगितलं. सगळं. व्हिडिओही दाखवला. त्याने शेवटपर्यंत पाहिला, मोबाईल परत दिला.
"येतुय की रं ढळढळीत," एवढंच म्हणाला. आणि रडला. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

२५ ऑक्टोबर
पिरंगुटला कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाई चांगल्या, पोरीच्या वयाच्या. मी म्हणालो, मशीन बंद पडलंय का बघा. म्हणाल्या, "चालू आहे काका."
कागदावर रेघ. दोन हजार हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट, तीन हजारांपुढे सरळ दरीत. दोन्ही कान सारखे. घुमारा ऐकू येतो, खरखर नाही. इंजिन येतं, साखळी नाही. माणसाचं बोलणं येतं, पण धार जाऊन. परत येणार नाही म्हणाल्या. कानात घालायचं यंत्र मिळतं. त्याला नवी बॅटरी लागते, सेटिंग लागतं, कॉम्प्युटरला जोडून.
विचार करतो म्हणालो.

२८ ऑक्टोबर
नवी साखळी, गाईड, टेन्शनर, चार व्हॉल्व्ह बसवले. व्हॉल्व्हची फट पातीने तीनदा मोजली. पाती हाताला कळते, त्याला कान लागत नाही. खर्च माझा. वानखडेला वाटतं मी दिलदार आहे.

बाळू रोज येतो. बोल्ट हातात देतो. शोरूमवर नव्या गाड्यांची मशीनं लावायला शिकलाय, मला माहीतही नव्हतं. दीड वर्षाच्या गाडीवाला परत आला होता, बाळूने पाच मिनिटांत दिव्याचं कारण काढलं. सेन्सर खरंच खराब. दिवा खरं बोलत होता.

३० ऑक्टोबर
संध्याकाळी गाडी चालू झाली. बाळू वाकून ऐकत राहिला, मग अंगठा वर केला. मी स्क्रू ड्रायव्हर काढला नाही.

मग त्याने ते सांगितलं. वानखडे उद्या दहाला येणार, आईवडिलांना घेऊन. वडिलांची अट आहे, दादांनी पुन्हा कौल द्यावा, मगच बसेन.
"तू डोळं मिट, मूठ लाव, रोजच्यावानी. मी मागं हुबा राहतो. आवाज खराब असला तर खांद्यावर हात ठिवीन. न्हाईतर न्हाई. कौल खराच की. कान तेवढा माजा."
"आन् पहिला कौल?"
"त्यो गेला. साखळीचं सांगता येत न्हाई म्हणालास नव्हं? मंग झालं." मग हळू, म्हणजे मला ओठांवरून कळलं: "दादा, तुजा कौल गेला तर लाईन जाईल. आता हितं मी बी हाय."

तीन गाड्यांवर करून पाहिलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा त्याचा हात खांद्यावर पडला. त्या गाडीचा पंपाचा बेअरिंग खरंच गेलाय, खोलून बघितलं. हात हलका. लहानपणी सायकलवर डबल सीट न्यायचो रिह्याच्या उतारावरून, तेव्हा असाच धरायचा, घाबरला की.

३१ ऑक्टोबर, सकाळ ८.२०
आंघोळ, दिवे झाले. गाडी पुसून दारात उभी. काल रात्रभर बाहेर होती म्हणून थंड आहे, कौलाला तशीच पाहिजे. जुनं गाईड आणि तुटलेली साखळी फडक्यात बांधून ठेवलीत. वानखडेच्या हातात द्यायला की भंगारात टाकायला, अजून फडकंच धरून बसलोय. खाच पडलेलं कव्हरही त्यातच. ते बघितलं की काहीही सांगावं लागणार नाही, त्याला समजत नसलं तरी त्याच्या वडिलांना समजेल. चाळीस वर्षं सायकलचं दुकान होतं म्हणे त्यांचं.

बाळू आला. इस्त्रीचा शर्ट, टाय नाही. स्क्रू ड्रायव्हर पेट्रोलने पुसून बॉनेटवर ठेवला त्याने.

सौ. चहा घेऊन आली. फडक्याकडे पाहिलं. पाठीमागून विचारलं, "काय बोलणार हायसा त्यास्नी?"

मी वळलो नाही. तिला वाटलं, गेलं नाही कानावर. पुन्हा नाही विचारलं.

ऐकू आलं होतं.